चौथ्या नावाचे काय? जुन्या गाण्यांच्या आठवणी लिहिणाऱ्यांस अनावृत पत्र

प्रति,
जुन्या चित्रपटसंगीताच्या आणि रेडिओच्या आठवणी लिहिणारे लेखक, त्या छापणारे दिवाळी अंकांचे व पुरवण्यांचे संपादक आणि त्या रंगमंचावरून सांगणारे निवेदक यांस,



हिंदी व मराठी चित्रपटसंगीताच्या पडद्यामागील आठवणी हा मराठी दिवाळी अंकांतला हमखास वाचला जाणारा मजकूर आहे, आणि याचे श्रेय निःसंशय आपलेच आहे. संगीतकारांची एकेक पिढी काळाआड होत असताना त्यांच्या बैठका, रुसवेफुगवे आणि ध्वनिमुद्रणाचे दिवस आपण लिहून काढले नसते, तर त्यांतले बरेचसे आज कोणास ठाऊकही नसते. हे ऋण मान्य करूनच पुढील तक्रारी मांडल्या आहेत. गाणे कोणी गायले, कोणी लिहिले आणि त्याला चाल कोणी लावली एवढे आपल्या लेखनात न चुकता येते. ते प्रत्यक्षात घडले कसे, कोणाकोणाच्या हातून घडले आणि ही हकिकत लेखकाला कळली कोठून, हे मात्र येत नाही. पडद्यामागचे म्हणून जे छापले जाते ते बहुतेक वेळा पडद्यापुढच्याच माणसांचे खासगी बोलणे असते.

पहिली आणि सर्वांत जुनी तक्रार संगीत संयोजकाच्या विस्मरणाची आहे. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधतो, ती चाल म्हणजे मुखड्याची व अंतऱ्यांची गायची ओळ. परंतु गाणे सुरू होण्यापूर्वीचे वाद्यसंगीत, मुखडा आणि अंतरा यांना जोडणारे तुकडे, ज्यांना वादकांच्या बोलीत नुसते ‘म्युझिक’ किंवा ‘इंटरल्यूड’ म्हणतात, आणि गायकाच्या आवाजाखालून त्याला न झाकता चालणारी व्हायोलिनची दुसरी सुरावट, जिला ‘ऑब्लिगाटो’ हे नाव आहे, या सर्वांची आखणी करून प्रत्येक वाद्याचा भाग स्वतंत्रपणे कागदावर उतरवणारा माणूस निराळा असे. त्यास ‘अरेंजर’ म्हणत. काही संगीतकार हे तुकडे स्वतः गुणगुणून दाखवीत आणि संयोजक त्यांना स्वरांची जोड देऊन लिहून काढी. काही जण केवळ जागा दाखवून मोकळे होत आणि पुढचे सारे संयोजकावर सोपवीत. कोणत्या गाण्यात कोणाचा वाटा किती, हे म्हणूनच प्रत्येक गाण्यागणिक तपासावे लागते, आणि नेमके तेच आपल्या लेखनात तपासले जात नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संयोजकाचे नाव आलेच तर ‘असिस्टंट’ या मोघम शब्दाखाली येई, आणि आठवणींच्या लेखात तेवढेही येत नाही.

हे काम करणाऱ्यांत गोव्याचे लोक इतक्या मोठ्या संख्येने का होते, याचे उत्तर पोर्तुगीज अमलातील गोव्याच्या चर्चशाळांत सापडते. तेथे मुलांना प्रार्थनासंगीतासाठी सोल्फेज, म्हणजे पाच रेषांवरील पाश्चात्त्य स्वरलिपी पाहताक्षणी गाऊन दाखवण्याची विद्या, आणि बहुधा तिच्या जोडीने व्हायोलिन शिकवले जाई. पोटापाण्यासाठी गोवा सोडणाऱ्या तरुणाच्या गाठीला हे शिक्षण असे, आणि त्याच्या बळावर तो लष्करी बँडमध्ये, मूकपटाच्या वाद्यवृंदात किंवा मोठ्या हॉटेलातील नृत्यसंगीताच्या ताफ्यात नोकरी मिळवी. चित्रपट बोलू लागल्यावर आणि 1935 मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूपछाँव’मध्ये पार्श्वगायनाचा प्रयोग केल्यावर गाणे कॅमेऱ्याच्या तावडीतून सुटले, वाद्यवृंद वाढवण्यास मोकळीक मिळाली, आणि वीस-तीस वादकांनी एकाच वेळी एकच सुरावट बिनचूक वाजवायची तर ती लिहिलेली हवी व वाचणारेही हवेत, ही गरज उभी राहिली. ती गरज गोमंतकीयांनी भागवली. त्यांच्या बरोबरीने पारशी, अँग्लो-इंडियन, बंगाली आणि मराठी वादकही होते, परंतु लिहिण्याचे काम बव्हंशी गोमंतकीयांच्या हाती राहिले.

सेबॅस्टियन डिसोझा हे नाव या संदर्भात आपल्या लेखांत आले तर बहुधा आडनावाविना येते. फाळणीपूर्वी लाहोरात हॉटेलच्या वाद्यवृंदात काम केलेले हे गृहस्थ मुंबईत शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर या दोन परस्परांपासून अगदी वेगळ्या छावण्यांचे संयोजक होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतले व्हायोलिनचे भरगच्च पुंजके आणि नय्यर यांच्या गाण्यांतली मोजकी, मोकळी जागा ठेवणारी वाद्ये एकाच माणसाने कागदावर उतरवली, ही गोष्ट ज्याला कळेल त्याला या दोन संगीतकारांचा स्वभाव अधिक स्पष्ट ऐकू येईल, कारण लिहिणारा एकच असताना जो फरक उरतो तो त्या संगीतकारांचा असतो. शंकर-जयकिशन यांच्याकडे तालाची बाजू दत्ताराम वाडकर सांभाळीत. त्यांच्या ढोलकीच्या वजनाला ‘दत्ताराम ठेका’ असे नावच पडले होते, आणि ‘परवरिश’ (1958) सारख्या चित्रपटाला त्यांनी स्वतंत्रपणे संगीतही दिले. मराठी निवेदक या ठेक्यावर डोलतात, परंतु ठेका ज्याच्या नावाने ओळखला जातो तो माणूस मराठी बोलणारा होता, हे सांगायचे राहून जाते.

अँथनी गोन्साल्विस यांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे हे नाव देशभर पोहोचले, आणि बहुतेकांना ते विनोदी गाण्यासाठी रचलेले काल्पनिक नाव वाटते. वास्तविक हे गोव्यातील माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक त्या चित्रपटाच्या संगीतकार जोडीतील प्यारेलाल यांचे गुरू, आणि शिष्याने गुरूला केलेला तो प्रणाम होता. गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून हिंदुस्थानी रागांवर आधारलेल्या, पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचना सादर केल्या आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांना एकल गायक म्हणून उभे केले. पुढे ते अमेरिकेत गेले, परतल्यावर गोव्यात शांतपणे राहिले आणि 2012 मध्ये निवर्तले. गाण्यातल्या टोपीवाल्या अँथनीवर आपल्याकडे भरपूर छापून आले आहे. खऱ्या अँथनीच्या रागसिंफनीवर मराठीत किती पाने निघाली, याचा हिशेब संपादकांनीच करावा.

चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ यांच्याबाबत तर डोळ्यांसमोरचा पुरावा दुर्लक्षिला जातो. सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांच्या पाश्चात्त्य ढंगाच्या गाण्यांत वाझ यांचा हात होता, आणि 1951 च्या ‘अलबेला’त ते आपल्या वादकांसह पडद्यावर दिसतातही. मराठी माणसाने मराठी भगवानदादांसाठी केलेले संगीत म्हणून या चित्रपटाचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे, परंतु त्या संगीताला गोव्यातील अल्दोन्याच्या एका माणसाचा श्वास लागला होता, हे म्हटल्याने कौतुक कमी होत नाही. फ्रँक फर्नांड यांनी हिंदी संगीतकारांकडे साहाय्यक म्हणून काम करता करता ‘आमचें नशीब’ (1963) आणि ‘निर्मोण’ (1966) हे कोंकणी चित्रपट निर्माण केले. ते हिंदीच्या लेखात येत नाहीत आणि कोंकणीच्या लेखात हिंदीचे काम येत नाही, असा दुहेरी तोटा त्यांच्या वाट्याला आला.

दुसरी तक्रार कारागिरीच्या वर्णनाबाबत आहे. ‘त्या दिवशी सकाळी ध्वनिमुद्रण झाले आणि सगळे भारावून गेले’ या एका वाक्यात जो दिवस आपण गुंडाळता, तो प्रत्यक्षात कसा असे हे वाचकाला कळण्याचा हक्क आहे. ताडदेवच्या फेमस स्टुडिओत मिनू कात्रक ध्वनिमुद्रक असत. वादक आधी आपापला कागद पाहून तालीम करीत. ज्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी येत नसे ते सतार, सारंगी, बासरीचे वादक तोच तुकडा सरगममध्ये आपल्या वहीत टिपून घेत. गायक काचेच्या वा पडद्याच्या आडोशाला उभा राही, आणि मोजक्या ध्वनिग्राहकांपुढे वादकांना जवळ किंवा दूर बसवूनच आवाजाचा समतोल साधला जाई, कारण आज संगणकावर वाद्य मागाहून लहानमोठे करता येते तशी सोय तेव्हा नव्हती. सारा वाद्यवृंद आणि गायन एकाच पट्टीवर, एकाच वेळी उमटे. चुंबकीय फीत रुळण्यापूर्वी तर ध्वनी प्रकाशाच्या साहाय्याने थेट फिल्मवर नोंदवला जाई आणि फिल्म धुऊन येईपर्यंत काय उमटले हे नीट कळत नसे. चाळिसाव्या व्हायोलिनवाल्याचा हात शेवटच्या ओळीत चुकला, तर गायकाने जीव ओतून गायलेले पूर्ण गाणे पुन्हा करावे लागे. शेवटच्या ओळीत मागच्या रांगेतला माणूस कसा घाबरलेला असेल, ही खरी पडद्यामागची गोष्ट आहे.

याच प्रकारात ध्वनिमुद्रक आणि पुनर्ध्वनिमुद्रक येतात. पुनर्ध्वनिमुद्रण म्हणजे संवाद, पार्श्वसंगीत आणि पावलांपासून पावसापर्यंतचे आवाज एकत्र मिसळून चित्रपटाचा अंतिम ध्वनी तयार करणे. परळच्या राजकमल कलामंदिरातील मंगेश देसाई यांचा या कामात असा लौकिक होता की सत्यजित राय यांच्या चित्रपटांचेही ध्वनिमिश्रण त्यांच्या हातून झाले. एवढ्या मोठ्या कारागिरावर मराठीत जे तुरळक लिहिले गेले ते पाहता यापेक्षा अधिक बोलणे अशोभनीय ठरेल.

तिसरी तक्रार आख्यायिकांची आहे, आणि ती अधिक नाजूक आहे, कारण येथे लेखकाच्या सचोटीवर नव्हे तर सवयीवर बोट ठेवायचे आहे. ‘मुघल-ए-आझम’ (1960) मधील शीशमहालातल्या गाण्याचा घुमारा साधण्यासाठी गायिकेला स्टुडिओच्या स्नानगृहात उभे केले होते, ही गोष्ट असंख्य लेखांत आली आहे. ती खोटी आहे असे येथे म्हणणे नाही. परंतु रिकाम्या, गुळगुळीत भिंतींच्या खोलीत ध्वनिक्षेपक ठेवून त्यावर आवाज वाजवायचा, खोलीत उठलेला प्रतिध्वनी दुसऱ्या ध्वनिग्राहकाने टिपायचा आणि तो मूळ आवाजात मिसळायचा, ही पद्धत ध्वनिमुद्रणशास्त्रात जगभर रुळलेली होती. तेव्हा गायिका स्वतः त्या खोलीत होती की केवळ तिचा आवाज तेथे पाठवला होता, स्टुडिओ कोणता, आणि ही हकिकत सांगणारा त्या दिवशी हजर होता की त्याने ती ऐकली होती, एवढे तीन प्रश्न विचारणे लेखकाचे काम आहे. उत्तर मिळाले नाही तर ‘असे सांगितले जाते’ हे तीन शब्द पुरेत. एका लेखातली आख्यायिका दुसऱ्या लेखात विधान होते आणि तिसऱ्या लेखात तिला तारीख व संवाद फुटतात, ही वाढ थांबवणे संपादकाच्या हाती आहे.

लेखी पुरावा अगदीच नाही असेही नाही. तबकडीवरचा कागदी शिक्का आणि मधल्या गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे कारखान्याने त्या ध्वनिमुद्रणास दिलेला ओळखक्रमांक, यांवरून पुष्कळ काही कळते. ‘महल’ (1949) मधील गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या तबकड्यांवर गायिकेऐवजी ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचे नाव छापले होते, ही आठवण म्हणूनच टिकून आहे: तिला शिक्क्याचा आधार आहे. संगीतकार खेमचंद प्रकाश चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच निवर्तले होते, आणि गायिका नामनिर्देशाविना घराघरांत पोहोचत होती. नाव वगळणे ही या व्यवसायाची जुनी खोड आहे, आणि तिचा फटका एके काळी लता मंगेशकर यांनाही बसला होता; फरक इतकाच, की त्यांचे नाव मागाहून लागले.

रेडिओनेही या खोडीला हातभार लावला, आणि येथे आपल्या आवडत्या कथेत थोडी दुरुस्ती करणे भाग आहे. 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकर यांनी चित्रपटगीते आकाशवाणीवरून हद्दपार केली, ती पोकळी सिलोन रेडिओने आणि अमीन सयानी यांच्या ‘बिनाका गीतमाले’ने भरून काढली, आणि 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करून सरकारने माघार घेतली, असे आपण सांगता. यात तथ्य आहे, परंतु वादाचे एक कलम गाळले जाते. चित्रपटाचे नाव प्रसारणात घेणे ही फुकट जाहिरात आहे, म्हणून गायकाचे नाव घ्यावे, चित्रपटाचे घेऊ नये, असा आकाशवाणीचा आग्रह होता. निर्मात्यांना ते मान्य नव्हते आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. म्हणजे भांडण केवळ अभिरुचीचे नव्हते, नावाचे होते. पुढे विविध भारतीने चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार सांगण्याची जी पद्धत पाडली ती तेव्हाच्या मानाने उदार होती, परंतु कलावंतांची तीनच नावे ऐकण्याची सवय श्रोत्यांच्या पिढ्यांना तिनेच लावली, आणि आपले लेखन त्या उद्घोषणेच्या साच्यातून अजून बाहेर पडलेले नाही.

मराठीतील उदाहरण द्यायचे तर ‘गीतरामायणा’चे द्यावे लागेल. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालेल्या या मालिकेत वर्षभरात 56 गीते प्रसारित झाली. दर आठवड्याला एक याप्रमाणे 52 व्हायची, पण त्या वर्षी अधिक मास आल्याने संख्या वाढली. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्याविषयी लिहिताना आपली लेखणी थकत नाही, आणि थकूही नये. परंतु मूळ प्रसारणात माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर असे निरनिराळे गायक होते, हे फडके यांच्या एकहाती कार्यक्रमांच्या अफाट लोकप्रियतेत पुसट झाले आहे. केंद्रावर सीताकांत लाड यांनी ही कल्पना उचलून धरली नसती तर पुढचे काहीच घडले नसते. प्रभाकर जोग यांचे व्हायोलिन या गीतांच्या सोबतीला होते, आणि त्यांनी ‘स्वर आले जुळुनी’ हे आत्मकथन लिहून ठेवल्यामुळे वादकाच्या खुर्चीतून हे जग कसे दिसते याचा मराठीत निदान एक दस्तऐवज आहे. असे दस्तऐवज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. पाश्चात्त्य अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या वादकांना प्रत्यक्ष भेटून 2008 मध्ये इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या शहरात हे वादक राहत होते त्या शहरातील मराठी नियतकालिकांना ते काम सुचू नये, ही खेदाची बाब आहे.

नावाचा प्रश्न केवळ मानाचा नाही, हेही ध्यानी घ्यावे. भारतीय कॉपीराइट कायद्यात ‘परफॉर्मर’, म्हणजे सादरकर्ता, या व्याख्येत वादकाचा समावेश आहे. परंतु 2012 च्या दुरुस्तीने तिला असे परंतुक जोडले की चित्रपटात ज्याचे सादरीकरण प्रासंगिक किंवा आनुषंगिक स्वरूपाचे आहे आणि व्यवसायाच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीसह कोठेच दिले जात नाही, त्यास, कलाकृतीची विकृती रोखण्याचा अधिकार वगळता, सादरकर्ता मानले जाणार नाही. हे परंतुक वाद्यवृंदातील वादकास कितपत लागू पडते हा वकिलांच्या वादाचा विषय आहे, परंतु नाव न देण्याचा रिवाज हाच हक्क नाकारण्याचा एक आधार कायद्याने मानला, एवढे त्यातून स्पष्ट होते. ज्या रिवाजाला आपण लेखामागून लेख लिहून बळकटी देता, त्याचे परिणाम असे दूरवर जातात.

तेव्हा विनंती अशी. ‘आराधना’तील पावसाळी रात्रीच्या गाण्याविषयी लिहिताना सचिनदेव बर्मन आणि किशोरकुमार यांच्याबरोबर अ‍ॅकॉर्डियन वाजवणाऱ्या केर्सी लॉर्ड यांचे नाव लिहावे, आणि ‘दोस्ती’तील माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजवला ही गोष्ट गंमत म्हणून नव्हे, तर तेव्हाचा वादकवर्ग कसा एकमेकांत मिसळलेला होता याचा पुरावा म्हणून सांगावी. मुलाखत घेताना संगीतकाराच्या घरी जाण्यापूर्वी त्याच्या एखाद्या वादकाच्या घरी जावे; सत्तरच्या दशकात तरुण असलेले वादक आज वृद्ध आहेत, आणि त्यांच्या वह्या, हजेरीच्या डायऱ्या आणि स्वरलिपीचे कागद त्यांच्या पश्चात रद्दीत जाण्याची शक्यताच अधिक. संपादकांनी अशा मुलाखतीतला ‘तांत्रिक’ म्हणून कापला जाणारा भाग एकदा तसाच छापून पाहावा, कारण वाचकाला तो कळणार नाही ही समजूत वाचकाला न विचारताच करून घेतलेली आहे. जागेची अडचण असल्यास संगीतकाराचे दरवर्षी येणारे तेच पानभर छायाचित्र अर्ध्या पानाचे करता येईल.

निवेदकांना एक स्वतंत्र विनंती आहे. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत आज जे तरुण वादक सेबॅस्टियन यांचे तुकडे कानाने उतरवून तंतोतंत वाजवतात, त्यांची ओळख शेवटचे गाणे सुरू असताना, प्रेक्षक चपला शोधत असताना, घाईघाईने करून देण्याची प्रथा आहे. ती ओळख मध्यंतरापूर्वी करून द्यावी, आणि तेव्हाच एखादा तुकडा गाण्याविना वाजवून घेऊन तो मुळात कोणी लिहिला व कोणी वाजवला होता, हेही सांगावे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला नम्र,
जुन्या चित्रपटसंगीताचा एक अभ्यासक